नाकातल्या नळीतून घरचा आहार: दिवसभरात किती, कसा आणि नळी न तुंबता?

कोयनाकाठ

आईचं वय ६८. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आहे, गिळता येत नाही, म्हणून नाकातून रायल्स ट्यूब आहे. घरी आणून तीन आठवडे झाले. दवाखान्यातून सोडताना वजन ५५ किलो होतं. मधुमेह (मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड) आणि रक्तदाब आहे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) १.०. आम्ही शाकाहारी, अंडंही चालत नाही. कागदावर फक्त 'दर दोन-तीन तासांनी २०० मिली पातळ आहार' असं लिहून मिळालं.

सध्या सकाळी आणि रात्री २०० मिली टोन्ड दूध, दोनदा वरणाचं पाणी, एकदा तांदळाची पेज, एकदा ताक, एकदा नारळपाणी असं चाललंय. रक्तदाबामुळे मीठ पूर्ण बंद.

विचारायचं हे:
१) एवढं पुरतं का? डाव्या दंडाचं मांस कमी झालंय आणि माकडहाडापाशी लाली दिसते.
२) पेज जरा घट्ट केली की नळी तुंबते, पातळ केली की पोटात काहीच जात नाही असं वाटतं. तुंबलेल्या नळीत कोल्ड्रिंक घाला असं एकांनी सांगितलं, ते बरोबर का?
३) सगळ्या गोळ्या एकत्र वाटून दुधातून देतो, चालतं का?
४) तोंड कोरडं पडतं म्हणून चमचाभर पाणी पाजलं तर?

---

आहारविभाग

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच आहे, आणि ते आकड्यांत बघितलं की लगेच पटेल. ४०० मिली टोन्ड दुधातून साधारण २३० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. वरणाच्या पाण्याच्या एका वाटीत फार तर १० ग्रॅम डाळ उतरते, म्हणजे दोन वेळचे मिळून ७० कॅलरी. पेज ५०, ताक ३०, नारळपाणी ४०. बेरीज ४२० कॅलरी आणि जेमतेम २० ग्रॅम प्रथिनं. अंथरुणावरच्या अशा रुग्णाला किलोमागे २५ ते ३० कॅलरी लागतात, प्रथिनं किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. ५५ किलोला रोज सुमारे १५०० कॅलरी आणि ६५ ग्रॅम प्रथिनं धरा. आईंना गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी मिळतंय. दंड बारीक होणं त्यातूनच आलं आहे. माकडहाडावरची लाली दाबामुळे येते, पण प्रथिनं कमी असली की तिथली कातडी लवकर फाटते आणि भरत नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं आजपासूनच सुरू करा.

पण उद्याच १५०० कॅलरी देऊ नका. दहा दिवसांहून अधिक काळ इतकं कमी खाणाऱ्याला एकदम भरपूर अन्न दिलं, तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि रक्तात त्यांची पातळी घसरते. त्यातून पायांना सूज, धाप, हृदयाचे ठोके अनियमित होणं इथपर्यंत मजल जाते. आधी डॉक्टरांकडून या तिन्हींची आणि सोडियमची रक्ततपासणी करून घ्या, आणि ब१ जीवनसत्त्व सुरू करायचं का ते विचारा. मग वाढवा. पहिले दोन दिवस वरणाच्या पाण्याच्या एका वेळेला खालची मुगाची फीड (फीड म्हणजे नळीतून एका वेळी द्यायचा आहार) द्या, बाकी सगळं जुनंच. तिसऱ्या दिवसापासून रोज आणखी एक जुनी वेळ काढून तिथे नवी फीड बसवा. सातव्या दिवशी दिवसाच्या सहाही फीड नव्या होतील, उरलेली सातवी जुनी वेळ बंद.

पूर्ण दिवसाचं सामान असं. सगळी वजनं कच्च्याची आहेत. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या, वाटी-चमच्याच्या अंदाजात इथे फार फरक पडतो.

टोन्ड दूध ७५० मिली
साय काढलेल्या दुधाची पावडर ४० ग्रॅम
मोड आणलेल्या नाचणीचं पीठ ५० ग्रॅम
सालविरहित मूगडाळ ६० ग्रॅम
तांदूळ ५० ग्रॅम
डाळ्याचं (भाजक्या चण्याच्या डाळीचं) वस्त्रगाळ पीठ ३० ग्रॅम
दुधी किंवा गाजर १५० ग्रॅम
शेंगदाणा, करडई किंवा सूर्यफुलाचं तेल ३० मिली
मीठ अर्धा चहाचा चमचा (३ ग्रॅम)

यातून सुमारे १५०० कॅलरी आणि ६६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. साखर, गूळ नाही. त्याची जागा तेलाने घेतली आहे: ५ मिली तेलात ४० कॅलरी असतात, त्याने ना फीड घट्ट होते ना साखर चढते. पुष्कळ घरांत नळीच्या आहारात तेल घालायला घाबरतात. थोड्या मापात जास्त ताकद बसवायची असेल तर तेलाइतकं सोपं दुसरं काही नाही.

दुधाच्या तीन फीड: प्रत्येकी २५० मिली दूध, १३ ग्रॅम दूध पावडर, १२ ग्रॅम नाचणी पीठ. पीठ थंड दुधात कालवून मगच गॅसवर ठेवा, ५-७ मिनिटं ढवळत शिजवा, गॅस बंद केल्यावर पावडर फेटून घाला, गाळा.

मुगाच्या तीन फीड: डाळ, तांदूळ, भाजी पाचपट पाण्यात कुकरला ५-६ शिट्ट्या करून अगदी गाळ शिजवा. डाळ्याचं पीठ पाण्यात कालवून त्यात घाला, दोन उकळ्या आणा, तेल-मीठ घालून मिक्सरमधून तीन मिनिटं फिरवा. सगळं मिळून ९०० मिली करा, म्हणजे प्रत्येकी ३०० ची फीड.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हे मिश्रण मिक्सरमधून निघेल तेव्हा पिठल्यासारखं असेल. ते पाण्याने पातळ केलंत तर परत वरणाच्या पाण्यावर येऊन थांबाल. पातळ करायचं ते मोड आलेल्या नाचणीने. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं, ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. घट्ट पेजेत हे पीठ मिसळलं की पाचसात मिनिटांत ती डोळ्यांदेखत सैल होते, आणि कॅलरी तेवढ्याच राहतात.

करायचं असं: नाचणी धुऊन १० तास भिजवा, निथळून ओल्या फडक्यात बांधून २४ ते ३६ तास ठेवा, मधे पाणी शिंपडा. पाव इंच मोड आले की उन्हात कडकडीत वाळवा. कढईत अगदी मंद आचेवर ओलसर वास जाईपर्यंतच परता. खमंग भाजलीत तर विकर मरतं आणि पीठ नुसतं पीठ उरतं. बाजारात सत्त्व म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पिठांत म्हणूनच हा गुण नसतो. हातावर चोळून मोड झाडा, दळून वस्त्रगाळ करा. ज्वारी इथे वापरू नका, तिच्या कोवळ्या मोडांत विषारी द्रव्य असतं.

मुगाची फीड गॅसवरून उतरवून बोट क्षणभर बुडवता येईल इतकी निवू द्या (६० अंशांच्या आसपास), मग ३०० मिलीला ५ ग्रॅम पीठ थोड्या पाण्यात कालवून घाला आणि दहा मिनिटं ढवळत ठेवा. उकळत्यात घातलं तर काम होत नाही, पार थंड झाल्यावर घातलं तर फार वेळ लागतो. पातळ झाल्यावर पुन्हा एक उकळी आणा, कारण कच्च्या पिठातून जंतू जाऊ शकतात. मग बारीक गाळणीतून गाळा. गाळणीत दोन चमच्यांहून जास्त चोथा उरला तर तो टाकू नका, परत मिक्सरला लावा. त्यात तुमची डाळ आहे.

एक सावधगिरी: असा तुटलेला स्टार्च जरा लवकर पचतो, साखर थोडी वेगाने चढू शकते. आणि आहार तिप्पट होणार असल्याने आत्ताची गोळ्यांची मात्रा पुरणार नाही, हे गृहीत धरा. वाढवण्याच्या आठवड्यात दिवसातून चार वेळा, फीडच्या आधी, साखर तपासून लिहून ठेवा आणि ते आकडे डॉक्टरांना दाखवा.

---

रात्रपाळी_सिस्टर

वर सांगितलेली फीड चांगली आहे, पण ती पोटातच जाते आहे ना, हे आधी. घरी होणारे वाईट अपघात आहाराने होत नाहीत, सरकलेल्या नळीने होतात.

नळीवर खुणा असतात. नाकपुडीपाशी कितवी खूण आहे ते आजच वहीत लिहा आणि तिथे नळीवर पर्मनंट मार्करने रेघ मारा. प्रत्येक फीडच्या आधी ती रेघ नाकापाशी आहे का बघा, टॉर्चने तोंडात बघा (नळीचं वेटोळं घशात आलेलं असू शकतं), आणि सिरिंजने हलकेच ओढून पोटातलं पाणी येतं का पाहा. पीएच पट्टी (आम्लता मोजायची कागदी पट्टी) मिळाली तर ते ५.५ किंवा कमी यायला हवं. पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर आकडा जास्त येऊ शकतो, तेव्हा एकट्या पट्टीवर जाऊ नका. नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघणं किंवा हवा मारून पोटावर आवाज ऐकणं, या दोन्ही पद्धती फसव्या आहेत. फुप्फुसात गेलेल्या नळीतूनही तसाच आवाज ऐकू येऊ शकतो. रेघ सरकलेली असेल तर थेंबही घालू नका.

देण्याची पद्धत: कूस बदलणं, पाठ चोळणं, व्यायाम, कफ ओढून काढणं, हे सगळं फीडच्या आधी उरका. पाठ ४५ अंशांपर्यंत उचला. नुसती मानेखाली उशी घातली तर पोट दुमडतं आणि उलटी होते, म्हणून कमरेपासून पाठीला आधार द्या, गुडघ्याखाली छोटी उशी ठेवा म्हणजे आई खाली घसरणार नाहीत. हात साबणाने धुवा. नळी चिमटीत दुमडून मगच झाकण काढा, नाहीतर हवा जाते. ५० मिलीची सिरिंज दट्ट्या काढून जोडा, आधी ३० मिली पाणी, मग फीड. सिरिंज त्यांच्या डोक्याच्या वर वीतभर धरा आणि आपोआप उतरू द्या. एक सिरिंज ३ ते ४ मिनिटांत रिकामी व्हायला हवी, म्हणजे पूर्ण फीडला १५ ते २० मिनिटं लागतात. सिरिंज पूर्ण रिकामी व्हायच्या आत पुढचं ओता. शेवटी परत ३० मिली पाणी, नळी दुमडून झाकण. नंतर तासभर तसंच बसवून ठेवा.

दट्ट्या लावून ढकलू नका. घाईत अनेक जण ढकलतात, आणि मग पोट फुगतं, उलटी होते, जुलाब लागतात. खोकला, धाप, ओठ निळसर, आवाज घरघरणं यांतलं काहीही दिसलं की तिथेच थांबा, नळी दुमडा, कुशीवर वळवा. लगेच सावरलं नाही तर १०८ ला फोन.

वेळा सकाळी ६, ९, १२, दुपारी ३, संध्याकाळी ६ आणि रात्री ९ अशा बसतात. फीडच्या आधी ओढल्यावर २०० मिलीहून जास्त जुनंच निघालं तर ते परत आत सोडा, तासाभराने पुन्हा बघा. कॉफीसारखं तपकिरी किंवा लालसर निघालं तर फीड थांबवून डॉक्टरांना कळवा.

नळी तुंबली तर: कोमट पाणी भरलेली सिरिंज लावून हलक्या हाताने पुढे-मागे, पुढे-मागे करा, दहा मिनिटं थांबा, परत करा. बारीक सिरिंज वापरू नका, तिचा दाब जास्त बसतो आणि नळी फुटू शकते. तार घालायची नाही. कोल्ड्रिंक तर नाहीच. त्यातल्या आम्लाने नळीतलं दूध फाटतं आणि गुठळी आणखी घट्ट बसते. ताक किंवा लिंबाचा रस दुधाच्या फीडपाठोपाठ दिला की हेच होतं. ताक द्यायचंच तर मधे तासाचं अंतर आणि ३० मिली पाणी.

साधी पीव्हीसीची नळी घातली असेल तर तिला तीन आठवडे झाले, ती आता कडक झाली असणार. ती बदलून सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनची घालून घ्या, ती चारसहा आठवडे चालते. नळी निघून आली तर घरी परत घालू नका, तोंडानेही काही देऊ नका, प्रशिक्षित माणसाला बोलवा. मधुमेहाची गोळी दिलेली असेल आणि नळी निघाली असेल तर ही घाईची वेळ आहे: साखर तासातासाने तपासा. ७० च्या खाली गेली तर कुशीवर झोपवून ग्लुकोज पावडरचा जाडसर लेप हिरडीला आतून चोळा आणि रुग्णवाहिका बोलवा. पाणी पाजू नका.

---

औषधखिडकी

तिसऱ्या प्रश्नाचं. सगळ्या गोळ्या एकत्र वाटून दुधात घालणं आजच बंद करा. पुष्कळदा नळी तुंबते ती आहाराने नाही, गोळ्यांच्या भुकटीने. शिवाय फीड अर्धवट राहिली की औषधही अर्धवट जातं, आणि किती गेलं ते कळायला मार्ग नाही.

आधी पाकिटांवरची अक्षरं बघा. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, रिटार्ड असं काही असेल तर ती गोळी वाटायचीच नाही. ती बारा किंवा चोवीस तास हळूहळू सुटावी म्हणून बनवलेली असते, वाटली की सगळी मात्रा एकदम रक्तात जाते. रक्तदाबाची अशी गोळी वाटून दिली तर दाब एकदम कोसळू शकतो. मेटफॉर्मिनही बहुतेकदा एसआर लिहिलेलं असतं; डॉक्टरांना सांगून साधं मेटफॉर्मिन विभागून लिहून घ्या. दुसरा गट आतड्यात विरघळणाऱ्या वेष्टनाच्या गोळ्यांचा: पॅन्टोप्राझोल आणि ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन बहुतेकदा याच प्रकारातली. वेष्टन फुटलं की पॅन्टोप्राझोल पोटातल्या आम्लात वाया जातं, आणि वेष्टनाचे तुकडे नळीत चिकटतात. अ‍ॅस्पिरिन पाण्यात विरघळणारी मिळते, ती मागा. आम्लाच्या गोळीलाही विरघळणारा पर्याय असतो.

ज्या वाटता येतात त्या एकेक वेगळी, खलात अगदी बारीक, १५ ते २० मिली पाण्यात पूर्ण विरघळवून द्या. दोन औषधांमधे १० मिली पाणी, शेवटी ३० मिली. दाट सिरप तेवढंच पाणी घालून पातळ करा. फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर त्याच्या आधी एक ते दोन तास आणि नंतर एक ते दोन तास फीड नको, कारण आहारासोबत ते नीट शोषलं जात नाही आणि फिट येऊ शकते. थायरॉइडची गोळी पहाटे, पहिल्या फीडच्या तासभर आधी. सिप्रोफ्लॉक्सासिन (अँटिबायोटिक) दुधासोबत नको.

ग्लिमेपिराइडबद्दल सिस्टरांचं म्हणणं अधोरेखित करतो. नळी चालू आहे, फीड समोर तयार आहे, आधीची फीड पोटात टिकली आहे, एवढं बघूनच ती द्यायची. उलट्या होत असतील, फीड थांबवली असेल तर देण्याआधी डॉक्टरांना विचारा. ती गोळी अन्न आलं की नाही हे बघत नाही, साखर उतरवत राहते.

---

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या रक्त तपासायला देतो. पाकिटं बघितली, मेटफॉर्मिन एसआरच आहे आणि अ‍ॅस्पिरिनही वेष्टनाची. अजून तीन शंका. मीठ ३ ग्रॅम लिहिलंय, पण रक्तदाब आहे, चालेल ना? आमच्याकडे रोज दोनतीन तास वीज जाते, फीड साठवायची कशी? आणि मधूनमधून दिवसात चारपाच वेळा पातळ शौचाला होतं, त्याचं काय?

---

आहारविभाग

मीठ चालेलच असं नाही, लागेल असं म्हणा. रक्तदाबाच्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगतात, शून्य नाही. आपण जेवताना पोळी, आमटी, चटणी, लोणच्यातून नकळत मीठ खातो. नळीतल्या माणसाला तुम्ही घालाल तेवढंच मिळतं. मीठ बंद आणि वर पाणी, नारळपाणी भरपूर, असं तीन आठवडे चाललं की रक्तातलं सोडियम उतरतं. ते १३५ च्या खाली गेलं की माणूस मलूल होतो, झोपाळू होतो, गोंधळतो, फार खाली गेलं तर फिट येते. घरच्यांना वाटतं की झटक्यामुळेच असं आहे. म्हणून वर तपासणीत सोडियम घातलं. ३ ग्रॅम मीठ आणि दुधातलं मिळून एकूण सोडियम २ ग्रॅमच्या आत राहतं. पाय सुजलेले असतील किंवा हृदय कमजोर असेल तर मात्र आकडा डॉक्टर ठरवतील. कमी सोडियमवाल्या मिठाची पुडी आणू नका, त्यात पोटॅशियम असतं.

साठवण: वीज जाणाऱ्या घरात दिवसाचं एकदम करू नका. मुगाची फीड दोनदा करा, दुधाची दर वेळी ताजी, तिला दहा मिनिटंच लागतात. केलेली फीड बाहेर दोन तासांहून जास्त नको. उरलेली लगेच पसरट भांड्यात निववून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात फ्रिजमधे, आणि वीज गेल्यावर फ्रिज उघडायचा नाही. देताना डबा गरम पाण्यात ठेवून अंगाइतकी कोमट करा. जुन्या उरलेल्यात नवीन मिसळू नका. पहाटे ६ किंवा रात्री ९ ला करणं जमत नसेल तर त्या वेळेला मधुमेहींसाठीची तयार पावडर डब्यावरच्या मापाने उकळून निवलेल्या पाण्यात कालवून द्या. दिवसभर तीच दिली तर खर्च फार होतो, एका वेळेला धरली तर परवडते.

पातळ शौचाचं कारण शोधताना या क्रमाने जा. आधी स्वच्छता: मिक्सरच्या पात्याखालची रबरी चकती काढून धुता का? तिथे जुनं दूध-डाळ अडकून सडते. सिरिंज दर वेळी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन दट्ट्या वेगळा करून वाळवा, दोनतीन दिवसांनी नवीन घ्या. मग वेग आणि थंडी: ढकललेली किंवा फ्रिजमधून थेट दिलेली फीड. मग औषधं: अँटिबायोटिक चालू आहे का, आणि सिरपमधे सॉर्बिटॉल आहे का, ते गोड द्रव्य जुलाब करतं. मेटफॉर्मिननेही होतं. हे सगळं ठीक असेल तरच दुधावर या: तीन दिवस दुधाच्या फीडमधे दुधाऐवजी घोटलेलं ताजं दही तेवढंच पाणी घालून गाळून द्या, पावडर बंद ठेवा. फरक पडला तर दूध पचत नव्हतं. तीन दिवस प्रथिनं कमी पडतील, तेवढं चालेल. जुलाब होताहेत म्हणून आहार बंद करून नुसतं पाणी देणं, हे मात्र करू नका. रक्त, ताप, किंवा दिवसात सहाहून जास्त वेळा पाण्यासारखं झालं तर डॉक्टर.

वजन करता येत नाही, म्हणून दर पंधरा दिवसांनी चांगल्या बाजूच्या, म्हणजे डाव्या दंडाचा मधोमध घेर टेपने मोजा. खांदा आणि कोपर यांच्या मधली जागा पेनाने खूण करून ठेवा, नाहीतर दर वेळी वेगळा आकडा येईल. घरच्या फीडमधे क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, तेव्हा मल्टिव्हिटॅमिनचे थेंब लिहून घ्या.

---

गिळणं_आणि_वाणी

चौथा प्रश्न राहिला. चमचाभर पाणी पाजू नका. अर्धांगवायूनंतर सगळ्यात धोक्याचं पाणीच, कारण ते पटकन सरकतं आणि घसा बंद व्हायच्या आत श्वासनलिकेत उतरतं. ठसका लागला नाही म्हणजे ते बरोबर गेलं, असं समजू नका. संवेदना गेलेल्या घशात पाणी फुप्फुसात गेलं तरी खोकला येत नाही, तीनचार दिवसांनी तापच येतो.

तोंड कोरडं पडतं त्यावर उपाय तोंड स्वच्छ ठेवणं. नळीवरच्या माणसाच्या तोंडात अन्न जात नाही म्हणून ते धुवायची गरज नाही असं वाटतं, उलट लाळ कमी झाल्याने तिथे जंतू जास्त माजतात आणि तीच लाळ फुप्फुसात उतरते. दिवसातून तीन वेळा, पाठ उचललेली असताना, मान डाव्या बाजूला किंचित वळवून लहान मुलांच्या मऊ ब्रशने दात, जीभ, गालाची आतली बाजू घासा. पेस्ट मुगाएवढी. उजव्या गालात काही साठलंय का ते बोटाला ओलं फडकं गुंडाळून बघा, त्या बाजूचं त्यांना कळत नाही. ओठांना तूप किंवा व्हॅसलीन. मधल्या वेळात पिळलेल्या ओल्या कापसाने तोंड पुसलं तरी बरं वाटतं.

तीन आठवडे झाले आहेत, तेव्हा गिळण्याची तपासणी आत्ता करून घ्या. पुष्कळांचं गिळणं पहिल्या काही आठवड्यांत सुधारतं, आणि कोणी तपासलंच नाही म्हणून नळी महिनोन्‌महिने राहते. चारसहा आठवड्यांनंतरही जमत नसेल तर पोटातून घालायच्या नळीबद्दल डॉक्टरांशी बोला. नाक-घसा मोकळा होतो आणि गिळण्याचा सराव करणं सोपं जातं.

तपासणीत परवानगी मिळाली तर सुरुवात पातळाने नसते, घट्ट आणि एकजीव पदार्थाने असते. किती घट्ट ते थेरपिस्ट सांगतील, घरी मोजायला १० मिलीची सिरिंज पुरते: दट्ट्या काढा, खालचं तोंड बोटाने बंद करून १० मिली भरा, बोट काढून १० सेकंद सोडा. १ मिलीहून कमी उरलं तर ते साधं पाणी समजा, १ ते ४ उरलं तर किंचित घट्ट, ४ ते ८ तर बेताचं घट्ट, ८ च्या वर तर चांगलं घट्ट. सिरिंज अशी घ्या की शून्यापासून १० च्या रेघेपर्यंतची लांबी ६१.५ मिलीमीटर भरेल, नाहीतर आकडे जुळत नाहीत.

इथे वरची नाचणी उलटी पडेल, हे लक्षात ठेवा. मोड आलेलं पीठ नळीसाठी. तोंडाने देताना साधी, मोड न आणलेली नाचणी घ्या, कारण घट्ट दिलेला घास पातळ होऊन चालणार नाही. लाळेतही अमायलेज असतंच, त्यामुळे चमचा तोंडात घालून परत त्याच वाटीत बुडवला की वाटीतली खीर अर्ध्या तासात पाणी होते. घासापुरतं वेगळ्या वाटीत काढून द्या. दही बांधून पाणी काढलेलं. वरण-भात मिक्सरमधून काढून, दाणा न राहता. पोहे, चुरमुरे, शेवया, आणि पातळ रश्श्यात तुकडे असलेलं काहीही सध्या नको, कारण एकाच घासात पाणी आणि तुकडा आले की घशाला दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत.

चहाचा चमचा अर्धा भरून, डाव्या गालाच्या बाजूने, गिळल्याचं कंठ वर-खाली होऊन दिसल्यावरच पुढचा. दर पाचसहा चमच्यांनंतर त्यांना 'आ' म्हणायला सांगा. आवाज ओलसर, गुळण्या केल्यासारखा आला की त्या दिवशी तिथेच थांबायचं. तोंडाने जितकं जाईल तितकंच नळीतून कमी करा, आणि तीन दिवस सलग गरजेचा तीन चतुर्थांश आहार तोंडानेच गेला, तर नळी काढण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. तोपर्यंत पाणी आणि गोळ्या नळीतूनच.